खुंटा हाती धरल्यावर



मागे एकदा पाथरीतल्या एका शाळेत मराठी भाषा दिनाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. कविता वाचून झाल्या, हारतुरे झाले, चहा यायला थोडा अवकाश होता. तेवढ्यात आठवीतली एक मुलगी उभी राहिली आणि तिनं विचारलं, "सर, तुम्हाला सुचतं कधी?"

सगळे हसले. मीही हसलो आणि लेखक मंडळी अशा वेळी जे उत्तर देतात तेच दिलं. म्हटलं, "अगं, ते काही सांगून येत नाही. कधी मध्यरात्री, कधी एसटीत बसल्यावर." मुलगी खाली बसली, पण तिचं समाधान झालेलं दिसत नव्हतं. घरी येताना मला वाटलं, आपण त्या लेकराला खोटं सांगितलं. मला मध्यरात्री कधीच काही सुचलेलं नाही. एसटीत तर मला झोप लागते. मला जे काही सुचतं ते पहाटे साडेपाच ते साडेसहा या एका तासात, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीतल्या टेबलावर. तेही वयाची साठी आल्यावर कळलं. ते कसं कळलं, हे त्या मुलीला सांगायचं राहिलं. ते आज सांगतो.

आपल्याकडे लेखनाविषयी बोलताना प्रतिभा, स्फूर्ती, सरस्वतीचा वरदहस्त असे मोठे शब्द येतात. 'सवय' हा शब्द आपण चहा-तंबाखूसाठी राखून ठेवला आहे. अमुक लेखक सवयीनं लिहितो असं म्हटलं, की ते लेखन कमअस्सल वाटू लागतं. हा समज फक्त आपलाच आहे असं नाही. अँथनी ट्रोलप नावाचे इंग्रज कादंबरीकार एकोणिसाव्या शतकात होऊन गेले. ते टपाल खात्यात नोकरीला होते. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचे, समोर घड्याळ ठेवायचे आणि दर पाव तासाला 250 शब्द लिहायचे. मग दिवसभर नोकरी. अशा रीतीनं त्यांनी 47 कादंबऱ्या लिहिल्या. हे सगळं त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणानं सांगून टाकलं. ते आत्मचरित्र त्यांच्या मृत्यूनंतर, 1883 साली छापलं गेलं, आणि अनेकांनी नाकं मुरडली. घड्याळ लावून लिहिणारा कलावंत कसला, असं लोकांना वाटलं.

मलाही तसंच वाटत असे. मी 33 वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्या काळात दिवाळी अंकांतून थोड्या कविता आल्या, एवढंच. पण डोक्यात एक कादंबरी होती. आमचं मूळ गाव पाथरी तालुक्यातलं, गोदाकाठचं. जायकवाडीचा कालवा आला, पुढे ढालेगावचा बंधारा झाला, आणि नदीकडे पाहण्याची गावाची नजर कशी बदलत गेली, ते मला लिहायचं होतं. पण वेळ कुठे होता? सकाळी शाळा, संध्याकाळी वह्या तपासणं, मधेच निवडणुकीचं काम, जनगणना. निवृत्त झालो की लिहीन, असं मी वीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो.

2014 साली निवृत्त झालो. सुताराकडून सागवानी टेबल करून घेतलं. कागदाचं रीम आणलं. विद्यार्थ्यांनी निरोप समारंभात दिलेला पेन वर ठेवला. आणि मग रोज सकाळी पेपर वाचायचा, दुसरा चहा घ्यायचा, कुणी आलं तर बोलत बसायचं, दुपारी जरा पाठ टेकायची. आज मन लागत नाही, उद्या बघू. दोन वर्षांत 11 पानं झाली, आणि त्यातलीही 4 मी फाडली. आमची सौभाग्यवती एके दिवशी म्हणाली, "अहो, त्या टेबलावर मी कुरडया वाळत घालू का?" बोलण्यात थट्टा होती, पण मला ते लागलं. शाळेची घंटा होती तेव्हा वेळ नव्हता, आणि वेळ मिळाला तेव्हा घंटा नव्हती. वीस वर्षं सांगितलेली गोष्ट आपल्यात मुळात नव्हतीच की काय, अशी भीती त्या दिवसांत रात्री झोपू देत नसे.

मधल्या काळात मी एक उद्योग केला. कादंबरीत घालायला जुन्या ओव्या हव्यात म्हणून आईला विचारायला बसलो. आई तेव्हा ऐंशीच्या घरात होती. माझ्या लहानपणी ती भल्या पहाटे उठून दळायची. तिच्या मांडीवर डोकं ठेवून, जात्याची घरघर आणि ओवी ऐकत मी पुन्हा झोपी जायचो. आता तिच्या बाजेजवळ वही घेऊन बसलो. म्हटलं, सांग. ती म्हणाली, "आता कुठं याद हाय बाबा. समदं गेलं." मी तीन वेळा प्रयत्न केला. दोन-चार तुटक ओळींपुढे गाडी जाईना. मला वाटलं, म्हातारपण आहे, विसरली असेल. आपण उशीर केला.

2016 मध्ये मुलीचं लग्न निघालं. हळद दळायला जातं लागतं, म्हणून गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेलं जातं धुऊन-पुसून अंगणात मांडलं. सवाष्णींनी हात लावले, हळद दळून झाली, बायका जेवायला गेल्या. आई तिथंच बसून होती. थोड्या वेळानं तिनं जातं जवळ ओढलं. सुपातली मूठभर ज्वारी वैरली आणि खुंटा धरला. दोन-तीन फेरे नुसतेच झाले. मग गुणगुणणं आलं. मग शब्द आले.

मी वही शोधायला धावलो. लग्नघरात वही कुठली सापडते? उरलेल्या लग्नपत्रिका हाताशी होत्या. त्यांच्या पाठीवर लिहीत सुटलो. आईचा हात दुखून येईपर्यंत 43 ओव्या झाल्या. मधेच जातं थांबलं आणि ओवी अर्धी राहिली. मी विचारलं, "पुढं काय?" ती म्हणाली, "जातं थांबलं की." मला काही कळेना. तेव्हा तिनं समजावलं, "आसं रिकामं बसून येत नसतंय बाबा. खुटा हातात पायजे."

रात्री त्या पत्रिका घेऊन बसलो, तेव्हा खरी गोष्ट ध्यानात आली. मी समजत होतो की आईला जुनं आठवलं. जुनं होतंच. भावाची वाट, माहेरचा रस्ता, बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिळालेली लाल मिलो, तिची थापताना मोडणारी भाकर. पण त्यात तीन ओव्या त्याच दिवसाच्या होत्या. नात इंजिनिअर झाली, पुण्याला नोकरी करते, आज तिला हळद लागली, हे त्यांत होतं. म्हणजे आई नुसती आठवत नव्हती. चाळीस वर्षं ज्या बाईनं एक ओवी रचली नव्हती, ती त्या दुपारी, पाहुण्यांच्या गडबडीत, नवी ओवी रचत होती. बाजेवर बसून तिला एक ओळ येत नव्हती. खुंटा हाती आल्यावर तीन नव्या आल्या.

चाळीस वर्षं म्हणालो, कारण दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांत आमच्या गावात इंजिनावरची पिठाची गिरणी आली. ती आली याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. अख्ख्या घराचं दळण रोज पहाटे ओढणं म्हणजे काय, हे त्या बायांच्या तळहातांना विचारा. दहा-अकरा वर्षांच्या पोरी जात्याला जुंपलेल्या असायच्या. गिरणी सुरू झाली त्या दिवशी आईनंच तिथं नारळ नेऊन फोडला होता. जातं परत आणा असं मी कधीच म्हणणार नाही. पण एक गोष्ट मात्र झाली. दळण गेलं आणि त्याच्यासोबत ओवीही गेली. कुणी तिला बंदी घातली नव्हती. बायांना आता सकाळी मोकळा वेळ होता, गळा तोच होता, सुखदुःखंही तीच होती. तरी ओवी गेली. तिला राहायला जी रोजची ठरलेली वेळ होती, तीच उरली नव्हती.

हे कळल्यावर मला आपल्याच जिल्ह्यातल्या एका कवयित्रीकडे नव्यानं पाहता आलं. संत जनाबाई गंगाखेडच्या. पुढे पंढरपूरला दामाशेटींच्या घरी वाढल्या आणि त्या घरातली दळण-कांडणाची सगळी कामं त्यांनी केली. त्यांच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. विठ्ठल त्यांना दळू लागला, गोवऱ्या वेचू लागला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आपण त्यात चमत्कार पाहतो. मला आता त्यातला दुसरा तपशील महत्त्वाचा वाटतो. तो देव जनाबाईंना सवड मिळेल त्या वेळी येत नाही. काम चाललेलं असताना, जात्यापाशी येतो. त्याला त्यांच्या दळणाची वेळ माहीत आहे.

हे एकट्या जनाबाईंचं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी 1980 च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या हजारावर गावांत फिरून जात्यावरच्या सुमारे एक लाख ओव्या गोळा केल्या. आमच्या शेजारच्या माजलगावातल्या भीमनगर वस्तीतल्या बायांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. एक लाख! त्या रचणाऱ्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, आणि आपण कवयित्री आहोत असं त्यांच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नसेल.

मग खुंट्यात असं काय असतं? मी माझ्यापुरता विचार केला. ओवीची पहिली ओळ पुष्कळदा ठरलेली, सगळ्यांची असते. दळण सरलं, सूप भरलं, दिवस उगवला, अशासारखी. ती म्हणायला बाईला विचार करावा लागत नाही. ती ओळ तोंडात घोळत असते, हात फिरत असतो, आणि तेवढ्या एका फेऱ्यात मन आपली स्वतःची दुसरी ओळ शोधून आणतं. सवयीनं आलेली पहिली ओळ दुसऱ्या ओळीला वेळ मिळवून देते. हात कामात गुंतलेला असल्यामुळे मन बुजत नाही. मी मात्र सागवानी टेबलावर बसून थेट दुसऱ्या ओळीची वाट पाहत होतो.

लग्न उरकल्यावर मी माझ्यापुरतं जातं मांडलं. आमच्या पाथरीत पहाटे अजान होते आणि साईमंदिरातली घंटाही ऐकू येते. तीच माझी शाळेची घंटा. साडेपाचला टेबलाशी बसायचं. आधी एका जुन्या वहीत चार ओळी लिहायच्या. तारीख, वार, हवा कशी आहे, काल बाजारात काय पाहिलं. कापसाचा भाव, तुरीवरची अळी, कुणाच्या घरी मयत झालं, काहीही. त्या चार ओळींत साहित्य मुळीच नाही. ती माझी पहिली ओळ. मग कादंबरीचा कागद ओढायचा. पहिले पंधरा दिवस त्या कागदावर काहीही आलं नाही. तरी साडेसहापर्यंत उठायचं नाही, एवढाच नेम. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी बाजारातल्या तराफावाल्या म्हाताऱ्याविषयी लिहिता लिहिता चारऐवजी चाळीस ओळी झाल्या, आणि तो म्हातारा उठून कादंबरीत जाऊन बसला. दीड वर्षात 212 पानं झाली. चांगली की वाईट ते वाचणारे ठरवतील. पण ती आहेत.

कुणी म्हणेल, ही तुमच्यासारख्यांची गोष्ट झाली. ज्यांना प्रतिभा असते त्यांचं वेगळं. त्यांना मी साने गुरुजींचं उदाहरण देतो. 'श्यामची आई' गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 9 ते 13 फेब्रुवारी 1933 अशी अवघ्या पाच दिवसांत लिहिली, हे आपण नेहमी सांगतो आणि त्याला स्फूर्ती म्हणतो. स्फूर्ती होतीच. पण त्या पाच दिवसांच्या मागे काय होतं? अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये असताना गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. मासिक नव्हे, दैनिक. रोज मुलं वाचणार म्हणून रोज लिहायचं. पुढे 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर प्रवचन दिलं. ती 18 प्रवचनं गुरुजींनी लिहून घेतली, आणि त्यातून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आपल्याला मिळाला. म्हणजे मनातलं किंवा कानावर पडलेलं साध्या मराठीत ताबडतोब कागदावर उतरवायचं, याचा हाताला केवढा सराव झाला होता! पाच दिवसांचं पाणी भरायला आधी एवढा आड खणलेला होता. आणि हेच गुरुजी पुढे बायकांच्या ओव्या गोळा करून 'स्त्री जीवन' दोन भागांत प्रसिद्ध करतात, हा मला नुसता योगायोग वाटत नाही. ओवीमागचे कष्ट त्यांना माहीत होते.

दुसरं उदाहरण आपल्या परभणीचंच. बी. रघुनाथ. जन्म 1913, मृत्यू 1953. उणंपुरं चाळीस वर्षांचं आयुष्य, आणि नोकरी बांधकाम खात्यातली. मोठी ग्रंथालयं दूर, प्रकाशक दूर, भोवती निजामी राजवट. एवढ्यात 'आडगावचे चौधरी' धरून 7 कादंबऱ्या, शिवाय कथा, शिवाय कविता. कचेरीच्या कामातून उरलेल्या वेळात एवढा ढीग उभा राहतो, तो लहरीवर अवलंबून राहून नव्हे.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी सवयीची जाहिरात केल्यासारखं होईल. सवय लेखकाला मारतेही. माझ्याच जुन्या कविता काढून पाहिल्या. प्रत्येकीत काळी आई, बळीराजा आणि आभाळाला लागलेले डोळे होते. पाऊस पडला तरी तेच, नाही पडला तरी तेच. ही बसण्याची सवय नव्हती, ही शब्दांची सवय होती. बसण्याची सवय असावी आणि शब्दांची नसावी. पण गंमत अशी की पहिली लागली की दुसरी तिच्या मागोमाग येते. रोज लिहिणाऱ्याचा हात गुळगुळीत होतो. वाक्यं आपोआप येऊ लागतात आणि त्यांत काही नसतं.

यावरही उपाय मला जात्यानंच दाखवला. जातं वापरून वापरून आतून गुळगुळीत होतं. मग ते नुसतं फिरतं, पण दाणा भरडत नाही. पूर्वी गल्लीतून आरोळी यायची, जात्याला टाकी लावायची का म्हणून. वडाराची बाई दारात बसायची, तळी उलटी करायची आणि छिन्नी-हातोडीनं त्यावर पुन्हा खाचा पाडून द्यायची. त्यानंतरचं पहिलं दळण बारीक खड्याचं यायचं, म्हणून ते बाजूला काढत. लिहिणाऱ्यानंही अधूनमधून टाकी लावून घ्यावी. मी काय करतो, तर महिन्यातून एकदा मागची पानं मोठ्यानं वाचतो आणि जी वाक्यं विचार न करता आली असं वाटतं त्यांच्यावर रेघ मारतो. कधी बाजारात जाऊन नुसता ऐकत उभा राहतो. त्यानंतरचे दोन-तीन दिवस लेखन खडबडीत येतं, कचकच लागते. ते बाजूला ठेवतो. पण जातं पुन्हा भरडू लागतं.

आई 2018 साली गेली. तिच्या त्या 43 ओव्या मी चांगल्या वहीत उतरवून ठेवल्या आहेत. ती लग्नाआधीपासून गिरणी येईपर्यंत रोज पहाटे गात होती. त्या पहाटा किती झाल्या याचा हिशेब करायला बसलो की मी अर्ध्यावर सोडून देतो. तेवढ्या ओव्या झाल्या आणि पिठासोबत गेल्या. मराठीचा शिक्षक असलेला तिचा मुलगा मांडीवर झोपलेला होता, आणि पुढे मोठा झाल्यावर, वेळ मिळाला की लिहून घेऊ, असं म्हणत राहिला.

पाथरीच्या शाळेतली ती मुलगी कदाचित आज ऐकत असेल. बाळ, तू विचारलं होतंस, सुचतं कधी. मला सुचतं ते बसल्यावर. तुला पहाटे जमत नसेल तर संध्याकाळी बस, पण रोज एकाच वेळी बस. अर्धा तास पुरे. पहिली ओळ साधी लिही, घरात आज काय शिजलं तेवढी. काही दिवस वही कोरी राहील. जात्यात दाणा टाकला की पीठ पडतंच, वहीत तसं नसतं, हे मी तुला आधीच सांगून ठेवतो. आणि घरात आजी असेल तर लिहिताना तिच्याजवळ बस. तिला नुसतं 'सांग' म्हणू नकोस. तिच्या हाताला काहीतरी काम दे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)